फोटो कोरा, छाती भरलेली

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या तरुण मंडळींनी आम्हाला विचारलं, "काका, यंदा कशावर बोलणार?" दरवर्षी आम्ही १९८२ च्या संपावर बोलतो, नाहीतर गिरणी कामगारांच्या घरांच्या लॉटरीवर बोलतो. यंदा म्हणलं, छातीवर बोलू. कारण गेल्या काही वर्षांत या विहारात शोकसभा किती झाल्या ते आठवा. त्यातले निम्मे लोक खोकत खोकत गेले. कुणाला दमा होता म्हणतात, कुणाला टीबी होती म्हणतात, कुणी म्हणतं बिडीने गेला. खरं कारण कागदावर कुणाच्याच आलं नाही. आणि कागदावर आलं नाही म्हणजे सरकारदरबारी ते घडलंच नाही.

आम्ही डॉक्टर नाही. आमचं शिक्षण रात्रशाळेत दहावीपर्यंत. पुढचं जे काही ते वाचनालयात आणि दवाखान्यांच्या बाकड्यांवर. पण सोळा वर्षे कार्डिंग खात्यात काढल्यावर आणि नंतर वीस वर्षे स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या फायली घेऊन हिंडल्यावर जे कळलं, ते सांगणं आमचं कर्तव्य आहे. चुकलं तर इथे डॉक्टर झालेली आपली मुलं बसली आहेत, त्यांनी दुरुस्त करावं.

आमच्या घरी कपाटावर एक पिवळं पडलेलं पाकीट आहे. त्यात दोन फोटो आहेत, छातीचे. एक आमच्या बाबांचा, एक आमचा. बाबा ब्लोरूमला होते. कापसाच्या गाठी फोडून जिथे कापूस झोडला जातो ते खातं. त्यांचा फोटो पाहून एका दवाखान्यात सांगितलं, "डाग आहे, टीबी." औषध चालू झालं. बरं वाटेना म्हणून दोन वर्षांनी पुन्हा फोटो, पुन्हा डाग, पुन्हा तेच औषध. थुंकी मात्र एकदाही तपासली नाही. १९९१ साली बाबा गेले. शेवटची दोन वर्षे ते आडवे झोपू शकत नव्हते, उशीला टेकून बसल्या बसल्या रात्र काढायचे.

दुसरा फोटो आमचा. १९८७ साली आम्ही बदली कामगार म्हणून लागलो, पुढे कायम झालो, २००३ साली गिरणीला टाळं लागलं. त्याच्या आधीपासूनच जिना चढताना धाप लागत होती. २००४ साली आम्ही नुकसानभरपाईचा अर्ज केला. एका कचेरीत वैद्यकीय मंडळापुढे उभं केलं. फोटो उजेडाच्या डब्यावर लावला, अर्धा मिनिट पाहिला आणि साहेब म्हणाले, "फोटो क्लिअर आहे. तुम्हाला काही झालेलं नाही." आम्ही म्हणालो, "साहेब, दोन जिने चढून आलो, अजून बोलता येत नाही." ते म्हणाले, "बिडी ओढता?" आम्ही खोटं बोललो नाही. म्हणालो, १९९९ पर्यंत ओढत होतो. झालं. कागदावर लिहिलं, 'फोटो स्वच्छ, बिडीची सवय'. फाईल बंद.

आता पहा. बाबांच्या फोटोत डाग दिसला आणि त्या एका डागावर दोनदा औषध चाललं. आमच्या फोटोत काही दिसलं नाही आणि त्यावर आजारच नाही असं ठरलं. दोन्ही वेळा फोटोलाच न्यायाधीश केलं. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे की फोटो हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. आणि त्याने काय पाहिलं, काय पाहू शकत नाही, हे आपल्याला माहीत पाहिजे.

त्याआधी ही धूळ आपल्याच छातीत जास्त का गेली, ते तरुणांना सांगतो. गिरणीत विणखात्याला पगार चांगला. पण त्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण धोट्यातली कांडी बदलताना सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि आमच्या ओठाचा धोटा दुसऱ्याच्या ओठाला चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. तोवर आणि त्यानंतरही बराच काळ आपले लोक सूत काढण्याच्या बाजूलाच राहिले. ब्लोरूम, कार्डिंग, रिंग ही सगळी त्याच बाजूची खाती, आणि धूळ सर्वांत जास्त ती याच टोकाला, कापूस झोडण्या-पिंजण्याच्या टोकाला. म्हणजे पगाराची वाटणी जातीने झाली तशी धुळीचीही झाली.

कार्डिंगमध्ये तारेच्या दातांचे मोठे रोळ असतात. त्या दातांत अडकलेला कचरा काढायचं काम ज्याच्याकडे, तो माणूस पाळी सुटताना म्हातारा दिसायचा, भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. खिडक्या बंद, कारण हवा कोरडी झाली तर सूत तुटतं. आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी व्हायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडं सैल वाटायचं. आम्ही म्हणायचो, सुट्टी अंगावर आली. जुने लोक हसायचे, म्हणायचे गूळ खा. गुळाने काही होत नाही, हे आम्ही पुढे वाचलं. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळणारी छाती हीच या आजाराची खूण आहे. आजाराचं नाव बिसिनोसिस.

हा आजार कापसाच्या धाग्याने होत नाही. कापसाबरोबर येणारी वाळकी पानं, बोंडाची टरफलं, त्यावर वाढणारे जंतू आणि त्या जंतूंच्या अंगातलं विष, हे बारीक धुळीबरोबर आत जातं. शांघाय शहरात १९८१ पासून सूतगिरणीचे कामगार आणि रेशीम गिरणीचे कामगार यांची बरोबरीने कित्येक वर्षे तपासणी झाली. रेशमात हे विष नसल्यात जमा. सूतवाल्यांच्या श्वासाचा जोर रेशीमवाल्यांपेक्षा वेगाने घटला. आणि धुळीतून बाहेर पडल्यावर काहींचा थोडा सुधारला, असंही दिसलं. वेळेवर ओळखलं तर माणूस वाचवता येतो, असा त्याचा अर्थ. वेळ गेली, तर श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात. मग त्याला आणि बिडीवाल्याच्या आजाराला वेगळं काढणं कठीण होतं. डॉक्टर लोक त्याला सीओपीडी म्हणतात.

आता फोटोकडे येऊ. १८९५ साली जर्मनीत राँटजेन या शास्त्रज्ञाला हे किरण सापडले. हाडाने किरण अडतात, तिथे फोटो पांढरा. हवेतून आरपार जातात, तिथे काळा. टीबीचा डाग, न्यूमोनिया, पाणी, गाठ, वाढलेलं हृदय, हे सगळं पांढरं दिसतं, म्हणून फोटोत सापडतं. खाणीत, दगडफोडीत, काचेच्या कामात सिलिकाची धूळ आत जाते, ती फुफ्फुसात बसून गाठी करते. त्याही दिसतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने तर अशा फोटोंची प्रतवारी करायला नमुन्याचे फोटो ठरवून दिले आहेत.

पण कापसाची धूळ दगडासारखी बसून राहत नाही. ती नळ्यांना सूज आणते, आवळते. फोटोत उठून दिसेल असं स्वतःचं चिन्ह बिसिनोसिसला नाही. सीओपीडीचंही तेच, सुरुवातीला फोटो अगदी स्वच्छ असू शकतो. आजार फार वाढला की हवा आत कोंडते, फुफ्फुसं फुगतात, त्यांच्या खालचा पडदा घुमटासारखा असतो तो सपाट होतो, हृदय मधे चेपून उभट दिसतं. एवढं होईपर्यंत माणसाचं निम्मं आयुष्य उठून गेलेलं असतं.

गिरणीवाल्यांच्या भाषेत सांगतो. कापड उजेडासमोर धरलं की भोक दिसतं, डाग दिसतो. पण सूत किती मजबूत हे उजेडासमोर धरून कळतं काय? त्याला टेस्टिंग खात्यात नेऊन ताण द्यावा लागतो. एक्स-रे म्हणजे उजेडासमोर धरणं. ताण द्यायची तपासणी वेगळी आहे.

ती तपासणी म्हणजे फुंकण्याची. स्पायरोमेट्री म्हणतात. लंडनच्या जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरने १८४६ साली हे यंत्र लोकांपुढे आणलं, म्हणजे एक्स-रेच्याही एकोणपन्नास वर्षे आधी. छातीभर श्वास घ्यायचा आणि सगळा जोर लावून नळीत सोडायचा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली, हे यंत्र मोजतं. मग श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध ओढायला देतात, थोडं थांबून पुन्हा फुंकायला लावतात. औषधानंतरही पहिल्या सेकंदातली हवा एकूण हवेच्या शंभरात सत्तरापेक्षा कमी असली, तर नळ्या अडल्या आहेत असं धरतात. कामावर असलेल्या कामगाराची तपासणी सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीच्या आधी आणि पाळीनंतर करायची. आकडा खाली आला, तर खात्याच्या हवेने काय केलं ते त्याच दिवशी कळतं.

इथे विहारात आपल्याला आनापान शिकवतात. आत येणारा श्वास पहा, बाहेर जाणारा श्वास पहा. आम्ही बसलो की आमच्या लक्षात येतं, आत येणारा येतो, बाहेर जाणारा अडतो. या आजाराचं सगळं सार त्या बाहेर जाणाऱ्या श्वासात आहे. आणि छातीचा साधा फोटो काढताना काय सांगतात? "श्वास घ्या, धरून ठेवा." म्हणजे जिथे दुखणं आहे, ती हालचालच थांबवून फोटो काढतात!

२००५ साली महापालिकेच्या एका रुग्णालयात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पहिल्यांदा फुंकायला लावलं. आमच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाला जमायला हवी त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त हवा पहिल्या सेकंदात आली. बाई म्हणाल्या, "काका, तुमच्या फोटोत काही नाही हे खरं आहे. आणि तुमच्या छातीत काही नाही हे खोटं आहे." ते वाक्य आम्ही वहीत लिहून ठेवलं. कागद घेऊन आम्ही पुन्हा त्याच कचेरीत गेलो.

हे काही नवं शास्त्र नव्हतं, हे त्या दिवसानंतर आम्हाला कळलं. याच परळमध्ये, केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांना पाच वर्षे तपासून बिसिनोसिस आणि सीओपीडी यांतला फरक कसा ओळखायचा यावर लिहिलं, आणि ते १९८१ साली अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं. म्हणजे संपाच्या एक वर्ष आधी! गिरणीच्या भोंग्याच्या टापूत शोध लागला, अमेरिकेत छापला गेला, पण गिरणीच्या गेटातून आत आला नाही. आम्हाला गूळच खायला सांगत राहिले.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. फुंकण्याच्या यंत्रावरही डोळे मिटून विश्वास नको. यंत्र तुमचा आकडा कुणाशी ताडून पाहतं, हे विचारा. अमेरिकेत गुलामगिरीच्या काळात कार्टराइट नावाच्या डॉक्टरने याच यंत्राने काळ्या माणसांची फुफ्फुसं मुळातच कमी ताकदीची असतात असं सिद्ध करायचा उद्योग केला. पुढे तीच समजूत यंत्रांच्या हिशेबात शिरली. काळ्या माणसाचा आकडा कमी आला तरी तो 'त्याच्या मानाने ठीक' ठरू लागला. १९९९ साली बाल्टिमोर शहरात ॲस्बेस्टॉसच्या खटल्यांत कंपनीने याच आधारावर काळ्या कामगारांसाठी जास्त कडक कसोटी मागितली. अखेर २०२३ साली अमेरिकेतल्या छातीरोग तज्ज्ञांच्या संस्थेने वंश न पाहता आकडे लावावेत अशी शिफारस केली. 'तुमच्या लोकांची छाती अशीच असते', हे वाक्य आपल्याला अनोळखी नाही. यंत्रात माणसाने घातलेलंच बाहेर येतं.

आता तिसरी तपासणी, सीटी स्कॅन. हल्ली घरोघरी विचारतात, "स्कॅन करू का?" म्हणून थोडं सविस्तर सांगतो. एचएमव्हीच्या रेकॉर्डी ज्या ईएमआय कंपनीच्या, त्याच कंपनीतले इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी हे यंत्र बनवलं. १९७१ साली लंडनला पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला, १९७९ साली त्यांना कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. साधा फोटो म्हणजे अख्खा तागा उजेडासमोर धरणं, सगळे थर एकावर एक. सीटी म्हणजे तागा उलगडून एकेक थर वेगळा पाहणं.

त्यात प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाण्याला शून्य, मोकळ्या हवेला उणे एक हजार. निरोगी फुफ्फुसात हवेबरोबर बारीक पडदे आणि रक्त असतं, त्यामुळे आकडा मधला येतो. पडदे फाटून फुगे-फुगे झाले, त्याला एम्फिसीमा म्हणतात, तिथे आकडा हवेच्या जवळ जातो. पूर्ण श्वास घेऊन काढलेल्या स्कॅनमध्ये उणे नऊशे पन्नासच्या खालचे ठिपके किती, हे यंत्र मोजतं आणि फुफ्फुसाचा कितवा हिस्सा असा विरला आहे ते सांगतं. श्वास सोडून काढलेल्या स्कॅनमध्ये हवा कुठे कोंडून राहिली तेही दिसतं, तिथली रेघ उणे आठशे छप्पन्नला धरतात. धुराने होणारी बिघाडी बहुधा वरच्या भागात आधी दिसते. जन्मतः एका प्रथिनाची कमतरता असलेल्यांत खालच्या भागात जास्त दिसते. नळ्यांच्या भिंती जाड झालेल्याही कळतात.

मग सगळ्यांनी सीटी करावं काय? नाही. एका साध्या सीटीत एका एक्स-रेच्या कितीतरी पट किरण अंगावर येतात. कमी किरणांचा सीटी असतो, तोही गरज असेल तरच. धाप आणि फुंकण्याचा आकडा जुळत नसेल, वारंवार आजार उसळत असेल, गाठीची शंका असेल, किंवा फुगलेला भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार असेल, तेव्हा डॉक्टर सांगतील. कुणी पॅकेजमध्ये स्वस्तात देतो म्हणून करू नका.

आणि सीटीलाही सगळं दिसत नाही. दोन मिलिमीटरहून बारीक नळ्या त्याच्या नजरेत येत नाहीत आणि आजार सुरू होतो तो तिथेच. २०११ साली शस्त्रक्रियेत काढलेली फुफ्फुसं सूक्ष्म स्कॅनने पाहिली, तेव्हा टोकाच्या बारीक नळ्या आधी नष्ट होतात आणि फुगे नंतर दिसतात, असं आढळलं. उलट बाजूही खरी. फुंकण्याचा आकडा ठीक आला तरी सीटीत बिघाड असलेले लोक आहेत. म्हणून २०२५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सुचवलं की फुंकणं, रुग्णाचा त्रास आणि सीटीतलं चित्र, तिन्ही मिळून निदान ठरवावं. आम्ही हे वाचलं तेव्हा त्या अर्ध्या मिनिटाच्या फोटोची आठवण झाली. जगातले मोठे डॉक्टर म्हणतात एकट्या यंत्रावर ठरवू नका, आणि आपल्याकडे एका फोटोवर माणसाची आयुष्यभराची धूळ पुसली जाते.

आता भगिनींकडे वळतो. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे गिरणीत होतो? गावाकडे चुलीपुढे किती वर्षे काढलीत, ते मोजा. कधी बिडीला हात न लावलेल्यांनाही हा आजार होतो, यावर २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिलं. चुलीच्या धुराच्या आजारात सीटीवर फुगे कमी आणि नळ्यांचा बिघाड जास्त असतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे तुमचाही फोटो कोरा येऊ शकतो. खोकला म्हणजे वयाचा, धाप म्हणजे वजनाची, असं म्हणून गप्प बसू नका.

मग फोटोचा उपयोग काय? आहे, मोठा आहे. धाप लागते म्हणजे सीओपीडीच असं नाही. टीबी असेल, पाणी असेल, गाठ असेल, हृदय वाढलं असेल, ते फोटो सांगेल. पण फोटोत डाग दिसला की थुंकी तपासा म्हणा. जुन्या टीबीचा व्रण आणि चालू टीबी फोटोत सारखेच वाटू शकतात. टीबी बरी झाल्यावरही नळ्या अडलेल्या राहू शकतात, त्यांनीही फुंकून घ्यावं. बाबांच्या बाबतीत एवढं झालं असतं, तर ते वाचले असते असं आम्ही म्हणत नाही. पण त्यांना काय झालंय ते त्यांना कळलं असतं. तेवढा तरी माणसाचा हक्क आहे.

तीन तपासण्या झाल्या. चौथी सर्वांत स्वस्त आहे आणि तीच कुणी करत नाही. इटलीत रामाझिनी नावाचे डॉक्टर होते. कामगारांच्या आजारांवर त्यांनी १७०० साली ग्रंथ लिहिला. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की रुग्णाला आणखी एक प्रश्न विचारा, तू काम काय करतोस? तीनशे वर्षे होऊन गेली. आमच्या केसपेपरवर आजही नाव आहे, वय आहे, पत्ता आहे, धंदा नाही. कुठलाच फोटो, कुठलाच स्कॅन सांगू शकत नाही की ही धूळ कुणाच्या मालकीची होती. ते सांगतो कामाचा दाखला.

आमच्या अर्जाचं पुढे तेच झालं. फुंकण्याचा कागद पाहून मंडळ म्हणालं, "आजार आहे, पण कामामुळे कशावरून?" गिरणी बंद, टाइमकीपरची ऑफिसं पाडलेली, हजेरीची पुस्तकं रद्दीत. तेव्हा आमच्या घरच्यांनी पत्र्याच्या पेटीतून पगाराच्या चिठ्ठ्या काढल्या, खातं 'कार्डिंग' असं छापलेल्या. म्हणाल्या, "तुम्ही फेकायला सांगितल्या होत्या, आम्ही ठेवल्या." त्या चिठ्ठ्यांवर २००९ साली आमची टक्केवारी मान्य झाली. रक्कम थोडी आहे, पंपांच्या औषधाला पुरते न पुरते. पण कागदावर लिहिलं गेलं की या माणसाची छाती गिरणीने नेली.

आमच्याबरोबर रिंगखात्यातल्या एका सोबत्याने अर्ज केला होता. त्यांचाही फोटो कोरा होता. त्यांनी कधी बिडी ओढली नव्हती. दुसऱ्यांदा कचेरीत जायला त्यांना जिना चढवेना. आम्ही म्हणालो, पुढच्या महिन्यात खुर्चीवर बसवून नेऊ. पुढचा महिना आलाच नाही. त्यांच्या फाईलवरचा शेवटचा शेरा 'फोटो स्वच्छ' असाच आहे. त्यांच्या पत्नी आज समोर बसल्या आहेत. ताई, आम्ही उशीर केला, ही आमची चूक आम्ही सर्वांसमोर कबूल करतो.

कायदा नव्हता असं नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत कापसाच्या धुळीचा हा आजार पुढे घातला गेला, १९४८ च्या कारखाने कायद्याच्या यादीतही होता, २०२० साली केलेल्या नव्या श्रमसंहितांच्या याद्यांतही आहे. नाव यादीत असून उपयोग नाही, निदान कागदावर आलं पाहिजे. अमेरिकेत कॅरोलिना राज्यांत गिरणी कामगारांनी १९७५ साली आपली संघटना बांधली. म्हातारे, धापा टाकणारे लोक. त्यांनी आपल्या वस्त्यांत श्वासतपासणीची शिबिरं भरवली, आकडे गोळा केले, सरकारपुढे ठेवले. १९७८ साली कापसाच्या धुळीची मर्यादा ठरवणारा नियम झाला. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८१ साली हरले. तिथे लढा एक्स-रेने जिंकला नाही, फुंकणाऱ्या माणसांनी जिंकला.

म्हणून एक सूचना मांडतो आणि थांबतो. समितीने हा हॉल एका रविवारी द्यायचं कबूल केलं आहे. फुंकण्याचं यंत्र आणि ते चालवणारा शिकलेला माणूस आपल्या डॉक्टर मुलांनी आणावा. आपण प्रत्येकाची तीन कागदांची फाईल करू. पहिल्या कागदावर काम. कुठलं खातं, कुठल्या साली लागला, किती वर्षे, बिडी किती, चूल किती. गिरणीबरोबर संपलं असं समजू नका. गाद्या पिंजणारे, भिवंडीच्या लूमवर जाणारे, टॉवरच्या बांधकामावरचे, सगळ्यांनी लिहायचं. दुसऱ्या कागदावर फुंकण्याचा आकडा, औषधाआधीचा आणि औषधानंतरचा. तिसऱ्यावर फोटो किंवा स्कॅन कधी काढला, त्यात काय दिसलं आणि काय दिसलं नाही. पाकीट पावसाळ्यात भिंतीला टेकवू नका, ओल लागून फोटो चिकटतात. पगाराच्या चिठ्ठ्या, ओळखपत्र, विम्याचं कार्ड, काही फेकू नका.

आणि जे अजून ओढतात त्यांनी बिडी सोडावी, हे आम्ही सोडलेला माणूस म्हणून सांगतो. धुळीचा गुन्हा बिडीवर ढकलायची संधी त्यांना देऊ नका. पंपाची सवय लागते म्हणून घाबरू नका, सवय श्वासाची लागलेली आहे, पंपाची नाही.

उद्या कुणी तुमचा फोटो उजेडाला धरून म्हणाला की काही झालेलं नाही, तर भांडू नका, रडू नका. फाईल पुढे करा आणि नम्रपणे म्हणा, "साहेब, हा फोटो पाहिलात, आता हे दोन कागदही पहा."

आमचा श्वास इथे संपतो. जयभीम! नमो बुद्धाय!